भिंतीतलं पाणी

बारामतीच्या घरात राहायला गेलो तेव्हा आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते पाण्याच्या आवाजानं. अंथुर्ण्याच्या माळावर पत्र्याच्या घरात होतो तोवर पाणी ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती. ते कालव्यात असे, विहिरीत असे, आईच्या डोक्यावरच्या हंड्यात असे, आणि त्यानं आवाज केलाच तर तो का केला हे कुणालाही कळे. इथं ते भिंतीत शिरलं होतं. सकाळी पाणी यायच्या आधी मोरीतला नळ म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा, मग नुसताच फुसफुसायचा, मग एकदम गढूळ पिचकारी मारून गप्प व्हायचा. कुणी काही उघडलेलं नसताना स्वयंपाकघराच्या भिंतीत टकटक व्हायची. न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड वर यायची आणि तिच्यामागोमाग वास. आई पदरानं नाक धरून म्हणायची, "ह्या घराला वायू धरलाय." आज कुणी विचारलं तर मी सांगेन, की बाई गं, नळ खाकरतो तो पाइपात हवा कोंडते म्हणून, नळ थोडा वेळ उघडा ठेव, आपोआप जाईल. आणि जाळीतून वास येतो तो खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं म्हणून. तांब्याभर पाणी ओत, बंद होईल. एवढ्या दोन गोष्टी तेव्हा ठाऊक असत्या तर आमचे कितीतरी दिवस बरे गेले असते. पण घर बांधून देणारे हातात चावी देतात, भिंतीतलं कुणी सांगत नाही.

घर दादांनी बांधलं. दादा म्हणजे माझे वडील, मारुतीराव. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. त्यांचंही आयुष्य रस्त्यावरच, पण त्यांच्या वडिलांच्या, आमच्या आबांच्या रस्त्यापुढे तो काहीच नव्हता. आबा मेंढरांमागे चालत म्हातारे झाले. पावसाळा माळावर काढायचा आणि दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कोंबड्या घेऊन घाटाखाली उतरायचं, ते पुन्हा आभाळ भरून येईपर्यंत परतायचं नाही. दादांनी तरुणपणीच काठी सोडून स्टिअरिंग धरलं; मेंढरं राहिली ती आबा आणि धाकटे चुलते, बापू, यांच्याकडे. आदल्या वर्षी घाटाखाली आबांना ताप भरला. बापूंनी त्यांना एका ट्रकमध्ये पोत्यांवर निजवून घरी धाडलं. बारामतीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि दादांना बाहेर बोलावून सांगितलं, की आणखी एक हिवाळा यांनी उघड्यावर काढला तर त्यापुढचा हिवाळा यांना नाही. दादांनी ते जसंच्या तसं आबांच्या कानावर घातलं. आबा म्हणाले, "डॉक्टर कवा उघड्यावर निजलाय का? मग त्याला काय ठावं?" त्या दिवसापासून दादांच्या डोक्यात घर शिरलं. आम्हालाही पक्कं घर हवं होतं, कुणाला नको असतं! पण दादांनी ते बांधलं ते आबांना छपराखाली आणायला.

आबा आले, पण पाहुण्यासारखे. "पावसाळ्यापुरता येतो," त्यांनी आधीच सांगून टाकलं, "दिवाळी झाली की बापूचा वाडा बारामतीवरनंच जाणार हाय. तवा म्या बी त्याच्यासंगं." आमच्या लोकांत वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, तो बसतो आणि उठतो. आबांचं मनही तसंच. पडवीत बसले की लगेच उठायचे, फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. हातात चाती असायची, चालता चालता लोकर कातायचे. घराला ते कधी आपलं म्हणाले नाहीत. "तुजं दार करकरतंय रं," "तुज्या घरात वारं येत न्हाय." ते 'तुजं' दादांना फार लागायचं. मग टँकरची पाळी नसली की उगाच दाराच्या बिजागरीला तेल घालत बसायचे. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि मलाही बारामतीच्या पुढे कुठेतरी पळायची घाई झालेली. आई तर घरभर भिरभिरायचीच. एका छपराखाली चार माणसं आणि चौघांचे पाय भाजल्यासारखे.

आईचा नळावर काडीचा विश्वास नव्हता. नळाला पाणी आलं की ती हंडे, कळशा, बादल्या, पातेली, लोटे, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. "अगं, वर टाकी आहे," मी म्हणायचे. "टाकी मला दिसत न्हाय. हंडा दिसतोय," ती म्हणायची. तोटी मात्र इतकी जोरात पिळायची की वायसर महिन्यातच चिरडायचा आणि नळ टपटप गळायला लागायचा. मग ती आणखी जोरात पिळायची. नळ गळायला लागला की जोर नाही, नवा वायसर लागतो, हे ज्ञान आमच्या घरात बऱ्याच तोट्या शहीद झाल्यावर आलं.

बांधकामाच्या वेळचा एक तंटा इथं सांगायला हवा. दादांचा हट्ट होता की घरात एकही पाइप दिसता कामा नये. ते कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर दूध द्यायला गेले होते आणि तिथल्या गुळगुळीत भिंती त्यांच्या डोळ्यांत भरल्या होत्या. आमचे मामा अंथुर्ण्याचे ऊसवाले बागायतदार; त्यांच्या रानात पाइपलाइन टाकून उरलेले राखाडी प्लास्टिकचे पाइप पडून होते, ते त्यांनी ट्रॉलीत घालून भाचरांच्या घरासाठी हौसेनं आणले. प्लंबर होता भिगवणचा शब्बीर. तोंडाळ माणूस, हातापेक्षा जीभ जास्त चालायची. तो पाइप बघून म्हणाला, "मारुतीराव, भिंतीत गाडायचाय तर लोखंडी टाका."

मामांना राग आला. "पाच एचपीची मोटर सोसतोय ह्यो पायीप. तुमच्या मोरीला काय धाड भरलीय?"

"मामा, उसाच्या रानात कुणी खिळे ठोकत न्हाय," शब्बीर म्हणाला.

पण मामांचा मान मोठा. पाइप मामांचेच भिंतीत गेले, वरून गिलावा झाला, गिलाव्यावर फिकट निळा डिस्टेंपर. कुठला पाइप कुठून गेला हे शब्बीरच्या डोक्यात, आणि शब्बीर भिगवणला. फाटकाजवळ जमिनीत त्यानं विटांचा एक चौकोनी खड्डा करून त्यात रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक बसवला होता. वास्तुशांतीला पाहुण्यांचा पाय अडकेल म्हणून दादांनी त्यावर शहाबादी फरशी टाकून सिमेंटनं सांधून घेतली. टँकरचा कॉक डोळे झाकून फिरवणारा माणूस तो, आणि स्वतःच्या घराचा कॉक त्यानं पुरून टाकला.

वास्तुशांत श्रावणात झाली. पुरणावरणाचा स्वयंपाक, अंगणात मांडव, अंथुर्ण्याहून दोन जीप भरून माणसं. भटजी गेले, पंगती उठल्या, आणि मग आमचा खरा विधी राहिला होता तो बापूंनी काढला. मेंढरांचा वाडा नव्या जागी बसतो तेव्हा भोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावायची असते. तिची पहिली मेख घरातल्या सगळ्यात थोरल्यानं ठोकायची आणि वाडा उठताना त्यानंच आपल्या हातानं उपटायची, अशी रीत. मेख ठोकली की ती जागा आपली. बापूंनी माळावरून खास आबांची लोखंडी मेख आणली होती, वर्षानुवर्षं हातोडा खाऊन डोकं चपटं झालेली. दादांनी तर आधीच बैठकीच्या भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली. मेख ठोकायची, तिच्यावर आबांचं घोंगडं टांगायचं, की झालं. दादांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी नंतर माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

आबांनी फुलीकडे बघितलंसुद्धा नाही. वाड्याची जागा ते कशी निवडायचे हे बापूंना ठाऊक होतं: जमिनीला तळहात लावत हिंडायचं आणि जिथं गारवा लागेल तिथं मेख. आबा तसेच भिंतीला तळहात लावत निघाले. बैठक झाली, मधली खोली झाली, सगळी पाहुणेमंडळी मागोमाग. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपाशी ते थांबले. हात पुन्हा पुन्हा फिरवला. "हितं," ते खुशीत म्हणाले, "हितं गारवा हाय. हितंच."

"आबा, ती फुली..." दादा म्हणाले.

"फुलीला काय कळतंय? हात लावून बघ की. आतनं गार लागतंय."

खरंच गार लागत होतं. मी हात लावून पाहिला होता. मामांनीही पाहिला आणि मान डोलावली. गार का लागतं हा प्रश्न एवढ्या माणसांत एकालाही पडला नाही, हे आठवलं की मला आजही हसू येतं. आबांनी मेख लावली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले आणि हातोडा घातला. दोन घाव नुसता गिलावा उडाला. तिसऱ्या घावाला मेख एकदम आत गेली, जणू लोण्यात, आणि आबांनी ती सरळ करायला जराशी मागे ओढली.

पाणी सरळ आबांच्या तोंडावर आलं. मग मामांच्या फेट्यावर, मग पुरणपोळीच्या उरलेल्या दुरडीवर. बायका ओरडत अंगणात पळाल्या. दादा फाटकाकडे धावले, फरशी आठवली, परत येऊन पहार घेऊन गेले आणि पाहुण्यांदेखत स्वतःच सांधलेली फरशी स्वतःच फोडायला लागले. घामानं निथळत त्यांनी कॉक बंद केला, आणि भिंतीतलं पाणी तसंच येत राहिलं. कारण ते रस्त्यावरून येतच नव्हतं, वरच्या टाकीतून येत होतं. घराला दोन कॉक असतात: एक आत येणाऱ्या पाण्याचा, एक टाकीतून खाली उतरणाऱ्या पाण्याचा. एक बंद केला म्हणून दुसरं थांबत नाही. हे आम्हाला त्या दिवशी भिजून कळलं. बापू शिडीनं गच्चीवर गेले, तिथं त्यांना तीन चाकं दिसली, "कंचं फिरवू?" म्हणून ते वरून विचारत होते आणि खाली कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि ही सगळी पळापळ चाललेली असताना आबा मात्र भिंतीपाशी होते. त्यांनी मेखेभोवती पिशवीतली लोकर ओली करून पिळून गुंडाळली आणि हातोड्यानं मेख पुन्हा त्याच भोकात ठोकली. पाणी थांबलं. नुसतं पाझरत राहिलं.

पाहुणे हसले, आम्हीही हसलो. हसले नाहीत ते आबा आणि दादा. संध्याकाळी जीप गेल्या, बापू तेवढे राहिले. आबांनी ओलं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि पडवीत येऊन म्हणाले, "बापू, सकाळी संगंच निघू. पोराचं घर म्या पयल्याच दिशी भोसकलं. माज्यासारक्याचं हितं काय काम न्हाय." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. दादा खाली मान घालून फुटक्या फरशीचे तुकडे गोळा करत राहिले.  दिवाळीपर्यंतची मुदत होती, ती एका घावात सकाळवर आली होती.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. आबांशी ती थेट कधीच बोलत नसे. सासऱ्याशी सुनेनं तोंडावर बोलायचं नाही, म्हणून सगळं माझ्यामार्फत. हातभर अंतरावर माणूस बसलेला असायचा आणि मी टपालवाल्यासारखी मधे. "शालन," ती मला म्हणाली, "आबांना इचार, वाडा उठवायचा तर आदी मेख कुणी उपटायची आसती?"

मी विचारलं. आबा रस्त्याकडे बघायला लागले.

"आन् म्हणावं, ती उपटली तर घर पुन्यांदा पाण्यात. शब्बीर आल्याबिगर तिला हात लावायचा न्हाय."

बापू तंबाखू मळता मळता थांबले. "वयनी खरं बोलत्यात, आबा. मेख तशीच ठेवून निघाल्यालं मी तरी बगितलं न्हाय." आबांनी खांद्यावरचं ओलं घोंगडं उतरवून दोरीवर टाकलं. सकाळी बापू एकटेच गेले.

शब्बीरला निरोप धाडला. तो उद्या येतो, परवा येतो करत राहिला. भावाचा मासळीचा धंदा, त्यात तो अडकला होता. आमची टाकी तोवर भरायची बंद. टाकीवरचा प्रत्येक नळ कोरडा आणि आईच्या वाट्यासुद्धा कामी आल्या. "आता दिसतोय का हंडा?" ती येता-जाता मला विचारायची. आबा त्या मेखेसमोर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. अडकलेल्या माणसाची येरझार बघवत नाही. हुलग्याचं माडगं त्यांच्या पुढ्यात निवून जायचं.

शेवटी शब्बीर आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चिलापी मासळी घेऊन, म्हणजे कुणी रागवायला नको. त्यानं गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, आबांना म्हणाला, "उपटा, आबा, तुमचा झेंडा." आबांनी मेख काढली. शब्बीरनं छिन्नीनं गिलावा फोडला आणि आतला पाइप उघडा पडला, मधोमध भोक. आबा खाली वाकून आत बघत राहिले.

"ह्यो कुठनं येतोय?"

"वरनं, टाकीतनं."

"आन् टाकीत?"

"फाटकापासनं. भिंतीच्या कडेनं वर चढतो."

"आन् हितनं पुढं?"

"आबा, मला काम करू द्या की," शब्बीर वैतागला. पण आबांनी सोडलं नाही. त्यांना ते पाणी एकदाचं डोळ्यांपुढे हवं होतं. पाइपाचा तुकडा कापून नवा जोडून झाला, तरी त्यांनी शब्बीरला घरभर हिंडवलं. फाटकापासून गच्चीपर्यंत, गच्चीवरून न्हाणीघर, तिथून स्वयंपाकघर, आणि फाटकातल्या कॉकच्या अलीकडूनच थेट मोरीत येणारी रस्त्याची नळी. कुठं वळतो, कुठं खाली उतरतो, कुठला कॉक कुणाचा. नळाच्या आट्यांवर गुंडाळायचा शब्बीरचा धागा संपला तेव्हा आबांनी चातीवरची लोकर तोडून दिली. तो नळ पुढे कधी गळला नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते. शब्बीर चहा पिऊन भिगवणच्या एसटीला गेला.

दुसऱ्या दिवशी दादा टँकर लावून घरी आले आणि दारातच थिजले. फिकट निळ्या भिंतीवर, बैठकीतून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, बोटभर रुंदीचा तांबडा पट्टा ओढलेला. वळणाला वळण घेत, नळापाशी खाली उतरत. मेंढरं कातरल्यावर ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर कावेचा पट्टा ओढतात, तीच काव, आबांच्या पिशवीतली. आबांनी सकाळभर स्टुलावर चढून घरातलं सगळं पाणी खुणावून ठेवलं होतं.

"हे काय केलं, आबा?" दादा म्हणाले. "रंग अजून वाळला नव्हता माझा! काय म्हणतील लोक?" त्यांनी बादलीतलं ओलं फडकं उचललं. आबा स्टुलावरून उतरले आणि एखाद्या पोरासारखे बाजूला उभे राहिले. म्हणाले, "पूस. तुजं घर हाय."

आई भाकरीच्या पिठाच्या हातानं बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला, मला वाटलं आता माझ्याकडे वळेल. ती वळली नाही. ती आबांकडेच बघत म्हणाली, "मामंजी, स्वयंपाकघरातला पट्टा मोरीपाशी अर्धाच राहिलाय. तेवढा पुरा करा. मला मांडणीचे खिळे ठोकायचे हायत." लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांना तोंडावर म्हटलेलं हे पहिलं वाक्य. आबा गोंधळले, त्यांना कुठं बघावं कळेना. दादांच्या हातातलं फडकं खाली आलं. मी अभ्यासाचं निमित्त करून गच्चीवर पळाले.

पट्टा पुरा झाला. आबांनी मेख पुन्हा ठोकली, या वेळी कोरड्या भिंतीत, दादांच्या फुलीवर. कॉलनीतले लोक आमचं घर बघायला येऊन हसायचे. पण नंतर ज्यांच्याकडे भिंतीत खिळा ठोकून धबधबा झाला, तेही आमच्याकडेच सल्ल्याला आले.

त्यानंतर घराचं पाणी आबांच्या ताब्यात गेलं. टाकीत पाणी भरलं की आपोआप बंद करणारा गोळा असतो, तो आमचा दोनदा अडकला होता आणि टाकी भरून अंगणात पाऊस पडला होता. "आवो, तुमची टाकी व्हातीय!" म्हणून शेजारच्या काकू ओरडायच्या आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आबांनी गोळा काढूनच टाकला. "कळपामागं माणूस लागतं," ते म्हणाले, "गोळा न्हाय." नळाला पाणी यायच्या वेळी ते काठी घेऊन फाटकापाशी हजर. फरशी आता नुसती टेकवलेली असे. कॉक उघडायचा, मग भिंतीकडेनं वर जाणाऱ्या पाइपाला कान लावून उभं राहायचं. टाकी भरत आली की आवाज बदलतो, तो त्यांना कळायचा. मग कॉक बंद, मग पट्ट्याच्या कडेकडेनं घरभर एक फेरी, प्रत्येक नळाला हात लावून. चालणं सुटलं नाही त्यांचं; ते घरात आलं. तरी दादांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवाळी जवळ येत होती.

ती सकाळही आली. कालव्याच्या बाजूनं घुंगरांचा आवाज, मेंढरांचा वास, आणि फाटकाशी बापू. आबा पहाटेच उठून तयार होते. धोतर, मुंडासं, काठी. त्यांनी मेखेवरचं घोंगडं काढून खांद्यावर टाकलं आणि मेखेला हात घातला. आई चुलीपाशी भाकरी बांधून देत होती, तिचे हात थांबले. दादांनी त्या दिवशी टँकरची पाळी बदलून घेतली होती; ते नुसते दाराच्या चौकटीला धरून उभे. 

आणि मोरीतला नळ खाकरला.

आबांचा हात मेखेवरच थांबला. नळ फुसफुसला. ते एक पाऊल फाटकाकडे टाकून थांबले, मोरीकडे बघितलं, बापूंकडे बघितलं. मेंढरं पुढे निघाली होती, बापूंचा जीव वरखाली होत होता. "आबा, चला की. उनं चढत्यात."

"पाणी आलंय," आबा म्हणाले. "तू हो पुढं. टाकी भरली की येतो."

ते जाऊन कॉकपाशी उकिडवे बसले. घोंगडं खांद्यावरच. बापूंनी दादांकडे पाहिलं, दादांनी बापूंकडे.  बापूंनी भाकरीचं गाठोडं आईच्या हातातून घेतलं आणि मेंढरांमागे चालते झाले. टाकी भरली. आबांनी कॉक बंद केला, फेरी मारली, आणि घोंगडं मेखेवर टांगलं. "आपला मोरीचा नळ जरा सैल झालाय," ते दादांना म्हणाले, "बगाय पायजे." दादा बरं म्हणाले आणि घराच्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत.

पुढे दर दिवाळीला हेच. बापू फाटकाशी येणार, आबा घोंगडं खांद्यावर टाकणार, आणि म्हणणार, "तू हो पुढं. टाकी भरली की येतो." डॉक्टरांनी एकाच हिवाळ्याची भाषा केली होती, आबांनी कितीतरी हिवाळे त्या मेखेखाली काढले. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन पुण्याला गेले. माझा फ्लॅट बुक करताना बिल्डरच्या माणसाला मी पहिला प्रश्न केला, मेन कॉक कुठंय. तो बावचळला. "मॅडम, किचनचं ग्रॅनाइट बघा ना." मी त्याला भिंतींना गिलावा व्हायच्या आधी सगळे पाइप दाखवायला लावले आणि ताबा मिळाल्यावर दारामागे, कुणाला दिसणार नाही असा, तांबडा पट्टा ओढून ठेवला. नवऱ्याला वाटलं, ही काही आमच्याकडची पूजा असेल. मी त्याला तसंच समजू दिलं. अजूनही घरात नळ टपकत असला की मला बसवत नाही. उठून हात लावून आल्याशिवाय जीव जागेवर येत नाही.

आबांच्या शेवटच्या दिवाळीला मी माहेरी होते; कॉक उघडून आबा जरा पाठ टेकायला मेखेखाली आले होते. आई आणि मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, आता म्हाताऱ्या झालेल्या: "आवो मारुतीराव, टाकी व्हातीय तुमची!" आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. दादा पडवीत उभे राहिले. आम्हा तिघांपैकी एकही फाटकाकडे धावला नाही. आम्ही बैठकीच्या दारापाशी गेलो आणि तिथंच उभे राहिलो. वरून अंगणात पाणी पडत राहिलं.

बापूंचा वाडा त्या दिवशी जवळच उतरला होता. दुपारी ते आले, पायात धूळ, डोक्याचं मुंडासं हातात. मेख भिंतीत तशीच होती, ती अजूनही तिथंच आहे. ती दुसऱ्यानं उपटायची नसते. बापूंनी अंगणातल्या चिखलाकडे पाहिलं, मग मान वर करून टाकीकडे. मग आबांच्या उशाशी बसले आणि त्यांच्या कानाशी वाकून, जसं रोज बोलत असावेत तसं, हळूच म्हणाले, "भरली व्हय टाकी, आबा?"